कूलरच्या टाकीतली बदकं

तुळसाबाईच्या कोंबड्यांना अख्ख्या गल्लीत तोड नव्हती, आणि तुळसाबाईच्या तोंडालाही. पारशिवनीहून बहीण वच्छलाने बदकीची अंडी पाठवली, तेव्हा तिने ती खुडूक बसलेल्या लाल कोंबडीखाली सरकवली आणि घरात बजावलं, पाखरू ते पाखरू, कोंबडी काय नि बदक काय! पाच पिल्लं निघाली, पिवळीधमक.

भडका उडाला तो शेजारच्या यमुताईंमुळे. भिंतीवरून डोकावत त्या म्हणाल्या, "तुळसाबाई, हे बदकं हायेत का कोंबडीचेच लेकरं? पाण्याले तं शिवत नाहीत."

झालं! तुळसाबाईने जुन्या कूलरची पत्र्याची टाकी अंगणात ओढली आणि नळी सोडली.

"आई, आताच नका ना टाकू," सून प्रेमिला धावत आली. "बदकीच्या अंगचं तेल लागते, म्हणून तिचे पिल्लं भिजत नाहीत. हे तं कोंबडीखालचे. पिसं येऊ द्या, तोवर पाणी फक्त प्यायले. मोबाइलवर पाह्यलं मी."

"मोबाइलनं किती अंडे उबवले वं आजवर? मासोळीले पोहणं कोणी शिकवते का? हो बाजूला!"

पिल्लं पाण्यात पडली आणि सुळकन पोहत निघाली. तुळसाबाईची छाती वीतभर फुगली. "या, पाहा म्हणा आता!" म्हणत ती भिंतीशी गेली आणि यमुताईंना ऐकवत तिथंच रमली. मागे कोंबडी पिसं फुलवून टाकीभोवती कोकलत फिरत होती.

"चूप बस, बह्याड! माय झाली, पण अक्कल नाही आली तुले," तुळसाबाई पाठमोरीच खेकसली.

कोंबडी काही चूप बसेना. शेवटी चिडून तुळसाबाई वळली. पिल्लांचा पिवळा कापूस भिजून अंगाला चिकटला होता. पत्रा गुळगुळीत, चढायला जागा नाही. चौघं कडेला नखं मारत होती. पाचव्याची मान पाण्यात होती.

"पाहत काय राह्यली? काढ त्यायले!" ती प्रेमिलावर ओरडली, जशी काही टाकी तिनंच भरली होती.

प्रेमिलाने चौघांना पुसून खोक्यात ठेवलं, वर बल्ब लावला. पाचव्याला तुळसाबाईने पदरात चोळलं, पोटाशी धरलं आणि शिव्या सुरू केल्या: टाकीला, यमुताईंना, अंडी पाठवणाऱ्या वच्छलाला. शिव्या सरल्या, पिल्लू काही गरम होईना.

"काहून शांत झाल्या वं?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"काही नाही काकू," प्रेमिला पटकन म्हणाली. "पोहून थकले पिल्लं."

सुनेची ही दया तुळसाबाईला चटक्यासारखी लागली. "माह्यासाठी खोटं बोलून राह्यली? मले तोंड नाही का?" मेलेलं पिल्लू मुठीत घेऊन ती भिंतीशी गेली. "बुडवलं मी! सून नको म्हणत होती, मी आयकलं नाही. जा, साऱ्या गल्लीले सांगून या. अन् सांगाल तं नीट सांगा, माही सून शहाणी हाय!"

यमुताईंचं डोकं भिंतीखाली गेलं.

तुळसाबाईने टाकी कलंडवली, वर एक लाथ हाणली. मग पिल्लांजवळ बसवायला कोंबडीला उचललं, तर कोंबडीने तिच्या मनगटावर रक्त येईस्तोवर चोच मारली. तिने हात काढला नाही.

"मार, अजून मार," ती दात खाऊन म्हणाली. मग मान न वळवताच सुनेवर खेकसली, "उभी काय हाय वं? सांग ना, पुढं काय करू?"