हातभर वाट

मित्रांनो, मी श्कोडर शहरातली एक म्हातारी हिरवी सायकल. जन्म चीनचा, पण सगळं आयुष्य अल्बानियाच्या या तळ्याकाठच्या गावात गेलं. त्या काळी कम्युनिस्ट राज्य होतं, स्वतःची मोटार बाळगायची कुणालाच परवानगी नव्हती. कारखान्याचा भोंगा झाला की रस्ताभर आम्हीच. परिचारिका प्रेना इंजेक्शनं द्यायला मला घरोघरी न्यायची, आणि माझी घंटी ऐकून पोरं पलंगाखाली दडायची.

मग ते राज्य गेलं. परदेशातून जुन्या मोटारी आल्या आणि आम्हाला बघून नाकं मुरडणं सुरू झालं. आमच्यासाठी म्हणून रस्त्याकडेला एक पट्टा आखला, तर त्यावरही मोटारीच उभ्या! गेल्या शरदात अशाच एका मोटारीला वळसा घालताना ट्रकचा धक्का लागला. माझं चाक वाकलं, प्रेनाचा हात मोडला.

"आई, आता पुरे," तिची लेक मिरेला म्हणाली. "ही भंगारात दे आणि घरी बस."

"आणि नदीपलीकडच्या कोलला इंजेक्शन कोण देणार? तू?"

कोलला साखरेचा आजार, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. सकाळचं इंजेक्शन घेतल्याशिवाय त्याला घास घेता येत नाही. मिरेलाने हट्ट सोडला. पण पुन्हा पडलीस तर सायकल मी विकणार, असं तिने बजावलंच.

प्लास्टर असेपर्यंत प्रेना कोलकडे पायीच गेली. माझं चाक सरळ झालं, तिचं प्लास्टर निघालं, त्याच आठवड्यात कॉफीच्या दुकानापुढे, बरोबर पट्ट्यावर, एक काळी मोटार उभी होती. तिचा मालक फ्रान बाहेरच कॉफी पीत बसलेला. प्रेना वळसा घालायला गेली नाही. ती उतरली आणि तिने मला मोटारीच्या मागे स्टँडवर लावलं.

"फ्रान, गाडी काढ."

"मावशी, पाच मिनिटं. कॉफी तर संपू दे."

"संपव की. मी उभी आहे."

तेवढ्यात सायकलच्या टोपलीत मासे घेऊन मासेवाला झेफ आला. आमच्याकडे ओळखीचं माणूस उभं दिसलं की खाली उतरायचं आणि घरातल्या एकेकाची चौकशी करायची, नाहीतर ते उद्धटपणाचं. "दमलीस का गं? हात कसा आहे? मिरेला बरी?" प्रेनानेही त्याच्या चुलत्यापासून गाईपर्यंत सगळ्यांची विचारपूस केली. मागून शाळेच्या बाई आल्या, मग पाववाला, मग आणखी दहाबारा. जो तो उतरला. मोटारीभोवती सायकलींचा वेढाच पडला.

फ्रान घड्याळ बघत उठला. "अहो, सरका जरा! मला काम आहे."

"थांब रे, अजून बाईंच्या जावेचं विचारायचं राहिलंय," झेफ म्हणाला. सगळे हसले. प्रेना हसली नाही. तिकडे कोल उपाशी बसलेला, हे तिला ठाऊक होतं आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

"लहानपणी तुलाही मीच टोचलंय, फ्रान. तुझ्या घरी याच सायकलवर यायचे. उद्या गाडी कुठे लावशील?"

फ्रानची मान खाली गेली. "मागच्या मैदानात, मावशी."

"मग जा."

सायकली सरकल्या, फ्रानने गाडी काढली आणि वाट मोकळी झाली. प्रेनाने अशी पायडलं मारली की माझी साखळी कुरकुरली. कोलपुढे पाव तसाच पडलेला. "आज मेलीस की काय, वाटलं," तो म्हणाला. तिने आधी इंजेक्शन दिलं, मग पाव त्याच्या हातात ठेवला आणि तो खाईपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिथे फ्रानची मोटार नव्हती. पन्नास पावलांवर दुसरीच होती. मला वाटलं, आता ही वळसा घालणार. प्रेना उतरली आणि तिने मला स्टँडवर लावलं.

मित्रांनो, घरची सायकल पुसा, साखळीला तेल घाला, ते हवंच. पण तेवढ्याने आम्ही जगत नाही. आम्हाला रस्त्यात हातभर वाट लागते. ती एकदा मागून मिळत नाही, रोज उतरून मागावी लागते.