सवलतीचं कारण

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात लस सक्तीची झाली, तेव्हा सगळ्यात जास्त बरं वाटलं ते फोरमनला. साथीत त्याच्या हाताखालचे दोघे गेले होते. रोग्यांच्या चादरी हाताळायच्या आणि लसीला नाक मुरडायचं, हे त्याला खपत नव्हतं. "ज्याला टोचून घ्यायचं नाही, त्यानं घरी बसावं," असं तो यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून सांगायचा. नियमही तसाच होता. लस नाही तर फाटकाच्या आत पाऊल नाही आणि पगारही नाही. धुलाईखाना चालवणाऱ्या कंपनीच्या डॉक्टरनं शिफारस केली तरच सवलत.

कुरकुरत का होईना, सगळ्यांनी दंड पुढे केले. राहिली फक्त रोलर इस्त्रीवरची एक बाई, आणि ती नेमकी फोरमनची थोरली बहीण. तिला सवलत मिळाली होती. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ताई, सुईला घाबरतेस की काय?" त्यानं एकदा सगळ्यांदेखत विचारलं.

"घाबरते तर! लहानपणी तुला धरून ठेवायला चार माणसं लागायची, तेव्हापासून धसकाच घेतलाय मी."

सगळे खो खो हसले, पण पाठीमागे कुजबुज सुरूच राहिली. फोरमनची बहीण ना, मग काय विचारता! हे फोरमनच्या कानावर आलं आणि त्याला भलतंच झोंबलं.

महिन्याच्या बैठकीला मॅनेजरसाहेब जेवणाच्या खोलीत आले. "काही शंका?" असं त्यांनी विचारताच फोरमन ताडकन उभा राहिला.

"साहेब, माझ्या बहिणीला सवलत दिली म्हणून लोक माझ्याकडे बोट दाखवतात. कारण काय ते सगळ्यांसमोर सांगून टाका. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

"साहेब, नको," ताई म्हणाली. तिच्या हातातला डबा तसाच राहिला.

साहेबांना पुढच्या बैठकीची घाई होती. "अहो, त्यात लपवण्यासारखं काय आहे? बाईंना रक्ताचा कॅन्सर आहे. औषधांचा मारा चालू आहे, तोवर डॉक्टरांनी लस थांबवलीय. झालं समाधान? पुढचा मुद्दा, गमबूट."

फोरमन उभाच राहिला. साहेब गमबुटांच्या मापांविषयी बोलत होते आणि त्याला शब्द ऐकू येत होते, पण अर्थ लागत नव्हता. शेजारच्यानं सदरा ओढून त्याला खाली बसवलं. समोर ताई डब्याचं झाकण लावत होती. ते काही केल्या बसत नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात त्यानं तिला गाठलं. "मला का नाही सांगितलंस?"

"आई गेली तेव्हा तू महिनाभर अंथरुणातून उठला नव्हतास. आता स्वतःला सांभाळू की तुला? आणि तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही." तिनं डबा पिशवीत कोंबला. "फक्त डॉक्टरला सांगितलं होतं मी. फक्त डॉक्टरला."

त्यानंतर मैत्रिणी तिच्याशी हळू आवाजात बोलू लागल्या, जणू ती आजारी नव्हे तर झोपलेली होती. आठवडा उलटतो न उलटतो तोच साहेबांनी तिला बोलावलं. तुमच्याच काळजीपोटी सांगतो, उपचार संपेपर्यंत येऊ नका. पगार? तो नियमात बसत नाही.

आता मात्र ताईचं डोकं सणकलं. तिनं वकीलबाई गाठली. वकीलबाई म्हणाली, "लस मागायचा हक्क त्यांना असेल. पण तुमचं दुखणं चव्हाट्यावर मांडायचा नाही, आणि डॉक्टर काम करा म्हणत असताना घरी बसवायचाही नाही. फक्त साक्षीदार हवा. साहेब म्हणतात, मी असं बोललोच नाही."

खोलीत तीसेक माणसं होती. एकेकाला एकदम विसर पडला. पोटापाण्याचा प्रश्न होता, त्यांना तरी काय बोलणार!

फोरमन कामगार न्यायालयात उभा राहिला आणि साहेबांचं वाक्य त्यानं गमबुटांसकट सांगितलं.

कंपनीचा वकील गालात हसला. "कारण जाहीर करा, असं आधी म्हणालं कोण?"

"मीच."

"म्हणजे चूक तुमची."

"माझीही आहेच. मी मूर्खासारखं विचारलं. पण ती नको म्हणाली होती. आम्ही दोघांनीही ते ऐकलं होतं, साहेबांनी आणि मी."

मागच्या बाकावर ताईनं पदर तोंडाशी धरला.

निकाल तिच्या बाजूनं लागला. अडवलेला पगार मिळाला, रोलरवरची जागा मिळाली, साहेबांना लेखी माफी मागावी लागली. लसीचा नियम मात्र तसाच राहिला, आणि ताईलाही तो जायला नकोच होता. "औषधं संपली की पहिली मी रांगेत," ती वकीलबाईला म्हणाली.

न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना फोरमननं विचारलं, "पुढच्या खेपेला औषध घ्यायला हॉस्पिटलात जाशील, तेव्हा मी येऊ?"

ती पायऱ्या उतरत राहिली. तो जे करून बसला होता, ते कुठल्याही निकालानं पुसलं जाणार नव्हतं, आणि हे दोघांनाही कळत होतं.

"ये," शेवटी ती म्हणाली. "पण तिथं रडलास तर हाकलून देईन."