खरखर कोणाची?

मी माइक बोलतोय. दचकू नका. आजवर लोक माझ्या तोंडासमोर येऊन बोलले, गायले, खाकरले, शिंकलेसुद्धा. पण ‘बाबा रे, तुझं काय?’ असं कुणी विचारलं नाही. म्हणून आज आपणहूनच सुरुवात करतोय.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे एक बाई लांबट टेबलाशी बसून माझ्यासारख्यांच्या आत पडदा बसवायची. पडदा कसला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. तो ताणून बसवताना ती श्वास रोखून धरायची आणि नीट बसला की सुस्कारा सोडायची. तिचा तो सुस्कारा हा मी ऐकलेला पहिला आवाज. माणसाच्या बाळाला म्हणे जन्मल्याबरोबर रडावं लागतं. आमचं बरं आहे, आम्ही ऐकायला सुरुवात करतो.

मग मला करड्या रंगाचं अंग मिळालं. वर जाळी चढली आणि जाळीच्या आतून मऊ स्पंजाचं अस्तर लागलं. बोलणाऱ्याची फुंकर थेट पडद्यावर बसू नये म्हणून ते अस्तर. ज्याच्यावर विसंबावं त्यानेच गळा कापावा, तसंच पुढे त्याने माझं केलं.

माझा पहिला मालक ध्वनिमुद्रण करायचा. त्याच्या खोलीत मी मधोमध उभा असे. एक गायिका यायची, ती रोज सुरुवातीलाच सांगायची, “आज जरा सर्दी आहे हं.” जाहिराती बोलणारा एक गृहस्थ होता. त्याच्या बोलण्यातून मध ठिबकायचा, आणि लाल दिवा विझला रे विझला की तो फोनवर कोणावर तरी खेकसायचा. लाल दिव्याखाली माणसं वेगळीच होतात, हे मी तिथे शिकलो. संध्याकाळी मालक मला मऊ फडक्याने पुसायचा आणि दिवसभराच्या आवाजांसकट गुंडाळून ठेवायचा.

हळूहळू लोक घरच्या घरीच आवाज भरू लागले आणि खोली ओस पडली. एक दिवस मालकाने मला खोक्यात ठेवलं, वर हात फिरवला आणि म्हणाला, “येतो हं.”

तो आला नाही.

खोक्यातल्या अंधाराचं मला काही वाटलं नाही; मी जगतो तो कानावर! पण तिथे कोणी बोलत नव्हतं. कपाटाचं दार उघडलं तरी मन धावायचं. कोणाची तरी बोटं खोक्यावरून दुसऱ्याच वस्तूकडे जायची. दमट हवेत माझं अस्तर आतल्या आत कुजत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

शेवटी जुन्या वस्तूंच्या दुकानातून मला एका चष्मेवाल्याने उचललं. चष्म्यांचं दुकान चालवणारा, स्वभावाने मोठा हौशी माणूस. घरात आणलेली प्रत्येक जुनी वस्तू म्हणजे रत्नच, अशी त्याची ठाम समजूत.

“अगं, हे बघ काय मिळालं!” दारातूनच त्याने हाक दिली.

“काय ते? खलबत्ता?” आतून त्याची बायको म्हणाली.

ही बाई बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागते, कोणती उशिरा येते, हे निम्म्या गावाला तिच्याच तोंडून कळे. भाजी घेताना तिने भाव विचारला की बाजूचा माणूस वळून म्हणायचा, “अहो, तुम्ही त्या गाडीवाल्या ना?” तिला वरवर राग यायचा, पण घरी येऊन ती हे सांगितल्याशिवाय राहायची नाही.

मला आणलं ते तिच्या आक्कासाठी. आक्का, म्हणजे तिची मोठी बहीण, दूरच्या गावी राहायची. आक्काची दृष्टी थोडी थोडी करत पार गेली होती. चष्मेवाल्याने नंबर वाढवत वाढवत जाड भिंगं करून दिली, शेवटी एक दिवस त्यानेच चष्मा तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, “आक्का, आता याचं ओझं नको.” तेव्हापासून धाकटी तिला फोनवर कादंबरी वाचून दाखवायची. एका खलाशाच्या बायकोची जाडजूड गोष्ट होती ती. पण ऐन रंगात आलं की फोन तुटायचा. म्हणून ठरलं की प्रकरण वाचून भरायचं आणि पाठवायचं.

चष्मेवाल्याने मला जेवणाच्या टेबलावर उभं केलं, वायरी जोडल्या आणि बायकोला समोर बसवलं. तिने एक पान वाचलं. मग दोघं ऐकू लागले.

“हे काय हो? मी गादीखाली बसून वाचतेय का?”

“थांब, वायर जुनी असेल.”

वायर बदलली, आवाज गादीखालीच. मग फ्रिज बंद केला, तेव्हा मागची घूं घूं गेली; गादी मात्र तशीच. मग कोणीतरी सांगितलं, खोली घुमते. चष्मेवाल्याने मला कपड्यांच्या कपाटात नेलं आणि बायकोलाही आत बसायला सांगितलं.

“लग्न करताना हे सांगितलं नव्हतंत,” ती कोटांच्या रांगेतून डोकं बाहेर काढून म्हणाली.

चष्मेवाल्याची दुकानातली सवय सुटत नव्हती. प्रत्येक बदलानंतर तो विचारायचा, “आता बरं की मघाशी बरं?” जसं काही तो भिंगंच बदलत होता.

मग एकदा मला फडक्याने पुसताना त्याला माझ्या एका बाजूला बारीकशी खूण दिसली. तो बघतच राहिला. “अगं, याला पुढचं-मागचं आहे! आपण इतके दिवस याच्या पाठीशी बोलतोय!”

“मग तो बिचारा ऐकणार कसा? मी तुमच्या पाठीशी बोलते तेव्हा तुम्ही तरी कुठे ऐकता?”

मला वळवलं आणि आवाज जवळ आला. तरी मळभ होतंच. आणि त्या मळभाच्या आत आणखी काहीतरी होतं: वाक्याच्या शेवटी काठ फाटल्यासारखी खरखर. दोघांनी ती ऐकली. बाईच आधी म्हणाली, “माइकच खराब आहे. परत करून टाका.”

पण तो परत करणाऱ्यातला नव्हता. रविवारी त्याने दुकानातली हत्यारं आणली. ज्या बारीक पेचकसाने चष्म्याच्या काड्या आवळायच्या, त्यानेच माझे स्क्रू सोडवले आणि जाळी उचलली.

“अरे देवा,” तो म्हणाला.

अस्तराचा चिकट चुरा झाला होता. त्याचे कण माझ्या पडद्यावर बसले होते. माझ्या पडद्यात वीज खेळते, त्यामुळे तो धूळ ओढून घेतो. इतकी वर्षं माझाच कान मी बुजवत होतो. चष्मेवाल्याने पडद्याला बोट लागू दिलं नाही. मऊ कुंचल्याच्या टोकाने, श्वास रोखून, तो एकेक कण टिपत राहिला. जाळीतलं जुनं अस्तर खरवडून काढलं, नवं घातलं, आणि मला पुन्हा जोडलं.

आणि मला ऐकू आलं. काय सांगू! भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याची उडी, स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब, खिडकीच्या काचेवर आपटणारी माशी. चष्मेवाल्याने वर्तमानपत्र वाचलं. त्याच्या ओठांची उघडझापसुद्धा मी टिपली. तो खुर्चीतून उठून उभा राहिला. “ये, ये, आता तू वाच!”

ती बसली आणि वाचू लागली.

खरखर तशीच होती. उलट आता ती स्वच्छ ऐकू येत होती.

“अजून कुठेतरी कण राहिलाय,” चष्मेवाला म्हणाला आणि पुन्हा पेचकस शोधू लागला.

बाईने पुस्तक मिटून ठेवलं. पण दुपारी घरात कोणी नसताना ती माझ्यासमोर यायची. दार लोटून घ्यायची. “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे,” असं म्हणून आवाज भरायची, ऐकायची आणि पुसून टाकायची. पुन्हा म्हणायची, पुन्हा पुसायची. मग खिशातून घशाची गोळी काढून तोंडात टाकायची. तिला कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच ती सगळ्यांना सांगत होती, माइक खराब आहे. मी दोष अंगावर घ्यायला तयार होतो हो; पण मी घेतल्याने तिचं भलं होणार नव्हतं. ओरडून सांगावंसं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला तोंड नसल्याचं दुःख झालं.

ते काम आक्काने केलं. पाठवलेली प्रकरणं ऐकून तिने फोन केला. चष्मेवाल्याने तो स्पीकरवर टाकून माझ्याशेजारी टेबलावरच ठेवला होता.

“काय हो चष्मेवाले, प्रकरणाच्या सुरुवातीला ‘आक्का, ऐकू येतंय का’ असं तुम्हीच विचारता ना?”

“हो, मीच.”

“त्याच माइकवर?”

“त्याच.”

“तुमच्या आवाजात खरखर नाही.”

चष्मेवाल्याच्या हातातला पेचकस थांबला.

“मग त्या माइकला कशाला सारखं उघडताय? हिचा घसा कुणाला तरी उघडून दाखवा.”

“अगं आक्का, स्थानकावर धूळ किती—” बाईने सुरुवात केली.

“चिमणे,” आक्का म्हणाली, “मी आंधळी आहे, बहिरी नाही. कधीपासून आहे हे?”

बाई माझ्याकडे बघत अगदी हळू म्हणाली, “बऱ्याच दिवसांपासून. मला भीती वाटत होती गं.”

स्वरतंतूवर गाठ निघाली. ती तशीच सोडून देण्यातली नव्हती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. गाठ काढली, पण तिच्याबरोबर स्वरतंतूचा थोडा भागही गेला. जीव वाचला, आवाज किती उरेल ते सांगता येणार नाही, आणि जखम भरेपर्यंत कुजबुजसुद्धा करायची नाही, असा हुकूम झाला.

घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटू लागलं. बाई टाळी वाजवून नवऱ्याला बोलवायची. स्थानकावर तिच्या जागी दुसरी मुलगी बसली. आक्काला गोष्ट हवी म्हणून चष्मेवालाच माझ्यासमोर वाचू लागला. तो डोळे तपासायचा तक्ता वाचावा तसा एकेक अक्षर सुटं करून वाचायचा. आक्का फोनवर म्हणायची, “खलाशाचं जहाज बुडतंय हो, जरा घाई करा!” बाई शेजारी बसून आवाज न करता हसायची आणि हसता हसता डोळे पुसायची.

मग आक्काच राहायला आली. दारातून आत येताच तिने हात पुढे केले. “कुठे आहेस?”

उत्तर येईना. बाई दोन पावलांवर उभी होती. पण न बोलणारी माणसं आंधळ्याला नसल्यासारखीच. आक्का तशीच हवेत हात धरून उभी राहिली आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. बाईने धावत येऊन तिला मिठी मारली.

त्या दिवसांत दोघी माझ्याच टेबलाशी बसायच्या. बाई बोटाने आक्काच्या तळहातावर अक्षरं काढायची आणि आक्का मोठ्याने वाचायची, “च... हा... चहा? घेते की.” एकदा चष्मेवाल्याने मला चुकून चालूच ठेवलं होतं. तळहातावरून फिरणाऱ्या बोटाचा आवाज मी ऐकला. कोरड्या पानावरून मुंगी जावी इतका बारीक. एवढे मोठमोठे गवई ऐकले मी, पण त्या आवाजाने जीव जितका कासावीस झाला तितका कशाने झाला नाही.

डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली त्या सकाळी बाई माझ्यासमोर बसली. आक्का पलीकडच्या खुर्चीत. चष्मेवाला दाराला धरून उभा. बाईने पान उघडलं आणि वाचलं. आवाज खालच्या पट्टीत गेला होता, मधूनच विरत होता, आणि वाक्य संपेपर्यंत टिकेल की नाही याची धाकधूक वाटत होती. परिच्छेद झाल्यावर ती थांबली.

“हा माझा नाही गं आवाज,” ती म्हणाली. “तुला जुना आठवतो का?”

“रोज आठवतो,” आक्का म्हणाली. “पण जुना आवाज पुढचं पान वाचत नाही. वाच.”

तिने वाचलं.

आक्का आता आपल्या गावी गेली आहे. बाई रोज थोडं थोडं वाचते, मधे पाणी पिते, दमली की थांबते. बाजारात आता कोणी वळून बघत नाही, हे एकदा तिने नवऱ्याला सांगितलं. नंतर तो विषय काढला नाही. मला मात्र एक हुरहूर लागून राहिली आहे. ज्या आवाजाने गर्दीतली माणसं हातातलं सामान उचलून बरोबर आपल्या गाडीकडे धावायची, तो मला कधी नीट ऐकायला मिळालाच नाही. तो होता तेव्हा माझा कान बुजलेला, आणि कान उघडला तेव्हा तो निघून चाललेला. नवरा सांगतो, आक्का सांगते, की असा होता, तसा होता. मी ऐकतो आणि मनातल्या मनात तो जुळवत बसतो. जुळत नाही.

पण हा जो उरला आहे, त्यातला एकही श्वास मी सांडू देत नाही.

खुर्ची सरकली बघा. पुस्तकातली खूण निघाली. खलाशाची बायको अजून धक्क्यावरच उभी आहे आणि तिकडे आक्का वाट बघते आहे. आता मी थांबतो. तुम्हालाही एकच विनंती, जरा वेळ पंखा बंद करा आणि गप्प बसा. तिला मोठ्याने वाचवत नाही.