उतारावरची वाकडी खोडं

ताईचं पोट जंगलातली झाडं मोजण्यावर चालायचं. कोणत्या मातीत, किती ओलाव्यात कोणतं झाड येतं, हे तिला रानात शिरताच कळे. पण धाकट्या भावाचं नवं घर बघायला ती आली, आणि घरामागचा उतार बघून तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

दोन्ही कडांना जुनं, दाट रान. मधल्या पट्ट्यात मात्र एकही म्हातारं झाड नाही! सगळी एका वयाची, उघड्या पडलेल्या मातीवर घाईनं उगवणाऱ्या जातीची. त्यातलीही बरीच तोडलेली. उरलेल्यांची खोडं बुंध्याशी वाकलेली होती.

"ही कुणी तोडली रे?"

"मीच!" भाऊ सुतार, आणि भलता खुशीत. "अगं, खुर्चीच्या हातांना आयता बाक! म्हणून तर ही जागा घेतली."

"अरे शहाण्या, खोडं उगाच वाकतात होय? खालची माती सरकते, झाड कलतं आणि परत सरळ व्हायला बघतं. हा पट्टा एकदा खाली आलाय, म्हणून इथं जुनं झाड नाही. माती धरून होती ती मुळंच तू मारलीस. वर आठवडाभर पाऊस! बायकोला घे, चिमीला घे, आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चल."

"ताई, तुला जिथं तिथं भूत दिसतं. पोरगी आत्ताच निजलीय. चहा घे, मग बघू."

"चहा गेला खड्ड्यात!" ताईनं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "आधी पोरीला उठव."

"बरं बाई, उठवतो." तिची समजूत काढायची म्हणून तो उठला आणि त्यानं आतल्या खोलीचं दार ढकललं.

दार हललं नाही.

त्यानं खांदा लावला. त्याच्या हातचं दार आजवर कुणाच्या घरी अडकलं नव्हतं. मग त्याला दिसलं, चौकटच तिरकी झाली होती. तो पांढराफटक पडला.

"कुऱ्हाड आण!" तो बायकोवर ओरडला.

ताई वळसा घालून मागच्या खिडकीकडे धावली. चिखल गजांपर्यंत चढला होता, आणि वरून आणखी येत होता.

आत चिमी जागी झाली होती. बाबा खेळतोय असं वाटून ती खिदळली, "मी नाही उघडणार, जा!"