खलावे

"काका, शेडमधल्या फलकावर 'खलावे' कोणी लिहिलं?"

रीनाने हे विचारले तेव्हा वामनराव डबा उघडत होते. प्रश्नात कौतुक असावे, अशी त्यांची समजूत झाली.

"मीच," ते म्हणाले.

हिंगण्याच्या त्या रसायनांच्या कारखान्यात वामनराव आवक-जावक सांभाळत. ते मराठी घेऊन बी.ए. झाले होते, ही गोष्ट त्यांच्याखेरीज सगळे विसरले होते. मग तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने कामगारांसाठीच्या सूचना मराठीत हव्यात असा शेरा मारला, आणि मॅनेजरने सगळे इंग्रजी कागद त्यांच्या टेबलावर आणून टाकले. आयुष्यात पहिल्यांदा वामनरावांनी ऑफिसचे काम घरी नेले. 'ट्रिट्युरेट' या क्रियापदापुढे शब्दकोशात दोन अर्थ होते, चूर्ण करणे आणि खलणे. 'चूर्ण' त्यांना वैद्याच्या दुकानातले वाटले. 'खलावे'ला वजन होते. फलक रंगून आला तेव्हा त्यांनी बायकोला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

रीना नवी केमिस्ट होती. तिचा चेहरा पाहून वामनरावांनी डब्याचे झाकण परत लावले.

"काका, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत ट्रिट्युरेट म्हणजे कुटायचं नसते. चिकट माल द्रावकात टाकायचा अन् हळूहळू घोळायचा. घाण द्रावकात जाते, माल खाली राहते. लोक तिकडे खरंच खलून राहिले का?"

"फलक लागला तेव्हापासून. खल-बत्ता मीच मागवला. माल बारीक येते म्हणून मॅनेजर खूश आहे."

"आधीचे माल गरीब होते म्हणून चाललं. आजचा नवीन आहे. तो वाळला अन् घासल्या गेला, तर उडते."

"उडते म्हणजे?"

"म्हणजे खलणाऱ्याचे हात राहत नाहीत, काका."

पाळीवर कोण आहे, हे विचारायची गरज नव्हती. कवडू होता. वामनरावांच्याच गावचा, उमरेडकडचा. त्यांनीच शब्द टाकून त्याला इथे चिकटवले होते.

शेडचा इंटरकॉम नेहमीप्रमाणे मुका होता आणि आत मोबाइल न्यायला बंदी होती. रीना द्रावक आणायला गोदामाकडे पळाली. वामनराव शेडकडे निघाले. वाटेत पाटी होती, 'आवारात धावू नये'. ती त्यांचीच. ते धावले. पुढे 'ज्वालाग्राही', पुढे 'स्पर्श वर्ज्य', सगळे त्यांच्याच हातचे. आता यातला एकही शब्द बरोबर असेल, असे त्यांना छातीठोकपणे सांगता आले नसते. कान सारखे शेडकडे लागले होते. आवाज झाला तर? आणि झाला नाही, तर तो होईपर्यंत?

दारात ते थांबले. कवडू उकिडवा बसला होता. पायांत दगडी खल, खलात पांढरा माल. कपाळ पुसून त्याने बत्ता नुकताच वर उचलला होता.

"कवडू," वामनराव चहाला बोलवावे तसे म्हणाले, "बत्ता वरच राहू दे गा."

"काहून?"

"राहू दे म्हणतो ना."

"थोडंसंच राहिलं, वामनभाऊ. आजचा माल लय कडक आहे. मघापासून खलून राहिलो."



"त्याले खलायचं नसते."

"तुमीच तं लिवलं."

"चुकलं माझं."

कवडू हसला. "तुमचं कसं चुकन? तुमी तं बी.ए."

"हासू नको. हलू बी नको. तो माल उडते. तुह्ये हात जातीन."

कवडूचे हसू जिथल्या तिथे राहिले. त्याने खलाकडे पाहिले, मग वर धरलेल्या बत्त्याकडे. बत्त्याच्या टोकाला माल चिकटलेला होता.

"ठेवू कुठी?"

ते वामनरावांना ठाऊक नव्हते. कोशात ते दिलेले नव्हते. ते त्याच्यासमोर बसले, गुडघे कटकन वाजले तसे दोघेही दचकले. मग त्यांनी दोन्ही हातांनी कवडूचे मनगट धरले. दगडी बत्ता जड होता. खाली खलात माल शांत पडून होता, आणि त्याच्यावर दोन माणसांनी एक बत्ता अधांतरी तोलून धरला होता. कोणाचे मनगट कापत होते, कवडूचे की आपले, हे वामनरावांना कळेना.

"मंग काय लिवाले पायजे होतं?" कवडूने दबल्या आवाजात विचारले.

"घोळावे."

कवडूने थोडा विचार केला.

"हे तं मले समजलं असतं," तो म्हणाला.

रीना आली. तिने आधी खलात गार द्रावक ओतले, त्याच्या आतल्या कडेवरून ओघळत जाईल असे. मग बत्त्याचे टोक भिजवले. माल ओला झाला, चिखलासारखा बसला. तिने मोजे घातलेल्या हाताने बत्ता धरला आणि म्हणाली, "सोडा आता."

कोणी सोडला नाही. तिला एकेक बोट उघडावे लागले.

बत्ता घेऊन ती बाहेर गेली. तरी दोघांचे हात बराच वेळ तसेच वर होते.