न उसवलेली दुमड

घड्याळजींनी टेबलावर गोधडी उलगडली, तेव्हा रफूवाल्या बाईंना आधी भोकंच दिसली. चाळीस वर्षं वापरूनही बाकीचे तुकडे धडधाकट होते. तपकिरी तेवढ्यांची पार चाळण झाली होती.

"उंदरांचं काम का हो हे?"

"नाही काका. जुना तपकिरी रंगच असला. ऊन-पाणी लागलं की आतल्या आत कापड खातो."

गोधडी घड्याळजींच्या बायकोने शिवलेली. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. गृहस्थ भारी काटेकोर. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून घड्याळांत केसाएवढ्या स्प्रिंगा बसवण्यात गेलेला. त्यांची अट एकच होती. कापड जुनंच हवं, तपकिरी, त्यावर हीच बारीक पांढरी पानं.

"जुनंच लावीन," बाई म्हणाल्या. शब्द देऊन बसल्या आणि पायाला भिंगरी लागली. जुन्या कपड्यांची दुकानं झाली, ओळखीच्या शिंप्यांच्या चिंध्यांची गाठोडी झाली. जुन्या नमुन्यांवरून नव्याने छापलेली कापडं विकणाऱ्या एका दुकानात हुबेहूब तीच पानं मिळाली, पण रंग कोरा करकरीत. नाइलाज झालाच तर असू द्यावं, म्हणून त्यांनी ते हातभर घेऊन ठेवलं.

दोन महिन्यांनी जुन्या कपड्यांच्या दुकानदाराचा फोन आला. "मावशी, तुमची पानं सापडली!"

सापडला होता एका लहान मुलीचा फ्रॉक.

"कोणाचा रे हा?"

"बंद घरातल्या ट्रंकेत होता. घर रिकामं करणाऱ्यांनाही माहीत नाही. न्या आणि कापा निवांत."

घरी येऊन बाईंनी फ्रॉक उलटा केला. खालच्या घेराला चांगलं चार बोटं कापड आत दुमडलेलं, ऊन न लागलेलं. सगळी भोकं बुजवून उरलं असतं. त्यांनी ब्लेड घेतलं. पाच टाके उसवले आणि हात थांबला.

लहानपणी आई त्यांच्या फ्रॉकची दुमड दरवर्षी अशीच उसवायची. फ्रॉक लांब व्हायचा आणि जुन्या घडीची रेघ घेरावर राहायची. या फ्रॉकवर एकही रेघ नव्हती. गळ्याला मात्र दोनदा रफू केलेलं, काखेत ठिगळ. एवढं जपून वापरणाऱ्या घरात चार बोटं कापड शिल्लक असताना फ्रॉक कोण बाजूला टाकेल?

गाव बदललं असेल, दुसऱ्या कुणी नवा दिला असेल, असं बाईंनी मनाला परोपरीने समजावलं. मन ऐकेना. शेवटी सुई ओवून त्यांनी ते पाच टाके जुन्याच भोकांतून परत घातले.

दुसऱ्या दिवशी घड्याळजींपुढे त्यांनी फ्रॉक ठेवला, शेजारी नवं कापड.

"काका, जुनं मिळालंय. पण माझ्याच्याने ते कापवत नाही."

"म्हणजे? शब्द दिला होतात तुम्ही!"

"दिला होता. म्हणून तुमच्या हाती देते. बघा आणि तुम्हीच सांगा."

घड्याळजींनी सवयीने भिंग डोळ्याला लावलं. गळ्याचं रफू पाहिलं, काखेतलं ठिगळ पाहिलं. मग घेराची दुमड बोटांत धरून सावकाश सगळीकडून फिरवली. त्यांना काही सांगावं लागलं नाही. पाहून झालं तरी भिंग काही डोळ्यावरून उतरलं नाही.

"केवढी असेल?"

"सहा. फार तर सात."

घड्याळजींनी नवं कापड पुढे ओढलं.

"भडक आहे हो."

"आहे. उठून दिसेल."

"आमची ही असती तर हिने नाक मुरडलं असतं. म्हणाली असती, चहा सांडलात वाटतं गोधडीवर?" ते हसायला गेले, मग भिंग उतरवून पुसत राहिले. "लावा. हेच लावा."

कामाला नऊ दिवस लागले. तयार गोधडीवर नवे तुकडे लांबूनही ओळखू येत होते. घड्याळजींनी त्या प्रत्येकावरून तळवा फिरवला, एकदाही नावं ठेवली नाहीत.

"आणि तो फ्रॉक?" जाताना त्यांनी विचारलं.

"घडी करून कपाटात ठेवलाय."

"डांबरगोळ्या घाला. कसर लागते."

गोधडी काखेत मारून, कठड्याला धरून ते एकेक पायरी उतरत गेले.