गुलाबी प्रतीची मागची बाजू

पुलाच्या साइटवरून मालाची मागणी यायची ती दोन प्रतींत. पांढरी तिकडेच राहायची आणि गुलाबी इकडे खरेदी विभागात, तिच्या टेबलावर. गुलाबी प्रतीवर पुढे सळ्या, खिळे, सिमेंट. मागे, ती मागणी लिहिणारा नवरा.

फोनवर त्याची जीभ जड व्हायची. "जेवलीस? पोर झोपली? बरं, ठेवतो." पण चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीने तो भडाभडा बोलायचा. तिसऱ्या खांबाच्या फळ्यांत पाखरानं घरटं केलंय, गवंडी त्या फळ्यांना हात लावू देत नाहीत. काल तुझ्या केसांचा वास आठवेना, घाबरलोच.

शेजारच्या टेबलावरच्या ताई चिडवायच्या, "आला का गं तुझ्या त्या नगाचा कागद?"

"ताई, हळू!"

"हळू कशाला? खिळ्यांची यादी वाचून लाजणारी बाई अख्ख्या ऑफिसात तू एकटीच."

आधी रजिस्टरला नोंद, मगच पाठ वाचायची, हा तिचा नेम. तो एकदाच मोडला. चिठ्ठी हातात पडली आणि पाळणाघरातून फोन आला, लेकीला ताप. चिठ्ठी पर्समध्ये कोंबून ती धावत सुटली. तापाच्या तीन दिवसांत, पोर मांडीवर घेऊन, ती पाठ तिने कितीदा वाचली. 'गर्डर एकदा खांबांवर बसले की दहा दिवस सुट्टी. नक्की. पोरीला चालताना बघायचंय.' पुढच्या बाजूला काय मागितलंय ते मात्र पाहिलंच नाही. चिठ्ठी झबल्यांच्या घडीखाली गेली.

अकरा दिवसांनी साहेब कडाडले. गर्डरखाली बसवायची रबरी बेअरिंग पोचलीच नव्हती. क्रेन नुसती उभी राहून शेवटी दुसऱ्या साइटवर निघून गेली, आता दोन महिने तरी येत नाही. सुट्टी रद्द.

"मॅडम, राग मानू नका," साहेब म्हणाले, "पण तुमच्या मिस्टरांनी मागणी पाठवलीच नाही. पांढरी प्रत दाखवतात, पण ती काय, मागाहूनही लिहिता येते."

संध्याकाळी तिने झबल्यांखालची चिठ्ठी काढून पुढून वाचली: रबरी बेअरिंग. त्याला खोटं ठरवू द्यायचं, की ती पाठ चारचौघांपुढे उघडी करायची?

दुसऱ्या दिवशी तिने गुलाबी चिठ्ठी साहेबांपुढे ठेवली. "माझ्याकडेच राहिली होती. चूक माझी."

साहेबांनी पुढून वाचली. उलटली. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "मागची पेन्सिल पुसट आहे, मला काही वाचता आलं नाही. पुढचं स्पष्ट आहे. ऑर्डर आजच लावा." ती वळली तसे पुन्हा म्हणाले, "तुम्ही एकट्याच नाही हो. मागे एकाच सिमेंटच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या, एक तर चहाच्या कपाखाली सापडली. कागदाला पाय फुटतात. आता सगळी मागणी संगणकावर. कुठे अडली, कुणापाशी अडली, सगळ्यांना दिसेल."

ती ऑर्डर लावायला टेबलाकडे गेली.

महिन्याभरात यंत्रणा सुरू झाली. त्याने तिकडे बटण दाबलं की इकडे मागणी हजर. दुपारपर्यंत तीन पुरवठादारांचे भाव समोर. काम इतकं भरभर उरकायला लागलं की पाळणाघरात ती वेळेआधी पोचायची. तक्रार करायला जागाच नव्हती. पुलाच्या पहिल्या मागणीत ती रकाने उतरत गेली. माल. नग. हवा ती तारीख. पर्याय चालेल का? शेवटी शेरा, त्यात 'काही नाही'. तो रकाना साहेबांपासून दुकानदारापर्यंत सगळे वाचणार, बिचारा लिहिणार तरी काय! तिने मागणी छापली आणि सवयीने उलटून पाहिली. कोरी.

साइटवर माल नेणाऱ्या ट्रकवाल्या काकांना मात्र ऑर्डरची छापील प्रत बरोबर लागायचीच. ती तिने संध्याकाळी घरी नेली. या वेळी नोंद आधीच झालेली होती.

कोऱ्या बाजूवर लेकीला उभं करून तिने पेन्सिलीने पाऊल काढलं. पोर गुदगुल्यांनी खिदळली, टाच जरा वाकडी आली, आणि मग ती कागदावरून उतरून आपली आपण दारापर्यंत चालत गेली. पावलाखाली तिने लिहिलं:

माल: बाबा.
नग: एक.
हवा ती तारीख: कालचीच.
पर्याय चालेल का: नाही.

सकाळी कागद काकांच्या हातात देताना ती म्हणाली, "काका, साइटवर सांगाल ना? उलटून बघा म्हणावं."